सर्पगंधेचे मोजमाप

गोंदिया जिल्ह्यात नागझिरा-नवेगावच्या रानांलगत राहणाऱ्यांना औषधी मुळ्यांची महती सांगावी लागत नाही. तथापि अशाच एका मुळीला जगन्मान्यता लाभली ती श्रद्धेने नव्हे, मोजमापाने. त्याचे मोठे श्रेय डॉ. रुस्तम जाल वकील यांचे.

१९११ साली जन्मलेले वकील लंडनमध्ये वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊन मुंबईस परतले आणि के. ई. एम. रुग्णालयात हृद्रोग्यांवर उपचार करू लागले. उच्च रक्तदाबावर त्या काळी खात्रीचे औषध जवळजवळ नव्हतेच. आपले वैद्य सर्पगंधेची मुळी निद्रानाशावर व उन्मादावर पिढ्यान्‌पिढ्या देत असत. ती रक्तदाबही उतरवते, असे कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ मध्ये नोंदविले होते. पण जगाचे तिकडे लक्ष गेले नाही. वकिलांनी ५० रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ मध्ये तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मुळीतील रिसर्पिन वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. १९७४ मध्ये ते निवर्तले.

रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरॲड्रेनलिन रिते करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. या व्याधीचे आणखी एक अंग वकिलांच्या पश्चात उघड झाले. ज्या उंदरांत टी-पेशी नाहीत त्यांचा रक्तदाब फारसा चढत नाही, असे अमेरिकेत २००७ मध्ये दिसून आले. वाढलेला दाब आणि उत्तेजित मज्जातंतू शरीराच्या रक्षक पेशींनाच चेतवितात. त्या मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरून दाह निर्माण करतात. भिंती ताठरतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि दाब आणखी चढतो. रक्षकच घर पोखरू लागतात, तेही बिनबोभाट.

म्हणूनच बरे वाटते या सबबीवर गोळी सोडणे म्हणजे आतला दाह मोकळा सोडणे होय. रानातली मुळी चघळणे हाही उपाय नव्हे. मनाला औदासीन्य आणते म्हणून रिसर्पिनच पुढे मागे पडले. शिक्षकाने, कारकुनाने जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा आणि मीठ बेताने खावे. वकिलांनी मुळीला मोजल्यावाचून मान्यता दिली नाही. आपण तरी आपल्या प्रकृतीला न मोजता निर्दोष का ठरवावे?