धनंजयराव गाडगीळ आणि घरोघरची मोजदाद

कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या नगरीच्या सामाजिक पाहणीचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. प्रा. सोवनी यांच्या नावाने आलेल्या या खंडाचा विषय होता कोल्हापूरची लोकसंख्या आणि येथील जननप्रमाण. पाठोपाठ उद्योग, व्यापार व मजूर यांविषयीचा दुसरा आणि कौटुंबिक राहणीविषयीचा तिसरा असे दोन खंड १९५२ पर्यंत निघाले. छत्रपतींच्या, तालमींच्या आणि चित्रपटांच्या आठवणींत रमणाऱ्या या शहराचे घरोघरचे हिशेब असे कागदावर आले. मात्र ज्या संस्थेने हे काम केले तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांचे नाव कोल्हापुरात निघते ते सहकारी साखर कारखान्यांच्या संदर्भात. घराघराची पाहणी करण्याची शिस्त त्यांनी या देशाला लावली, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

धनंजयराव १० एप्रिल १९०१ रोजी जन्मले. बालपण नागपुरात गेले आणि उच्च शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. भारताच्या आधुनिक औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. तो ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. परंतु तो ग्रंथालयात बसून, सरकारी अहवाल व जुनी कागदपत्रे चाळून लिहिला गेला होता. देशाच्या आर्थिक जीवनासंबंधी असे जे कागदपत्र उपलब्ध होते, ते बहुतांशी सरकारने आपल्या महसुलाच्या सोयीसाठी गोळा केलेले. सारा किती वसूल झाला हे त्यांतून कळे. सारा भरल्यानंतर शेतकऱ्याच्या घरात काय उरले, हे कळण्याची सोय नव्हती.

ही उणीव भरून काढण्याची संधी १९३० साली चालून आली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या पुण्यातील आवारात गोखले संस्था उभी राहिली आणि सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून धनंजयराव तिचे संचालक झाले. ते १९६६ पर्यंत त्या पदावर होते. संस्थेचे आरंभीचे विषय पाहिले म्हणजे त्यांची दृष्टी ध्यानात येते. पुण्याच्या बाजारात फळे कशी येतात व कशी विकली जातात, याची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. वाई तालुक्यातील शेतीच्या धंद्याचा जमाखर्च १९४० साली निघाला. मग पुणे शहराची पाहणी, मग कोल्हापूर, मग सोलापूर. मोठ्या सिद्धान्तांच्या मोहात न पडता, चालत जाता येईल तेथे जाऊन विचारपूस करावी, अशी ही पद्धत होती. आजच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती कदाचित फारच साधी वाटेल.

ती साधी मात्र नव्हती. पाहणी करणाऱ्याने दार ठोठावले की पहिलाच प्रश्न उभा राहतो तो कुटुंब कोणास म्हणावे हा. एका वाड्यात चार भाऊ राहतात, शेती एकत्र, पण स्वयंपाक वेगळा. धाकटा मुंबईस गिरणीत आहे आणि दरमहा पैसे पाठवतो. त्याला या घरात मोजायचे की मुंबईच्या खोलीत? आपल्या खेड्यांतून वाटणी झाली असे सांगताना चूल वेगळी मांडली असे म्हणतात. राष्ट्रीय नमुना पाहणीनेही पुढे नेमकी तीच कसोटी धरली आणि एकत्र राहून एका चुलीवरचे अन्न खाणारे ते एक कुटुंब, असे ठरविले. ही व्याख्या सैल राहिली तर दरडोई उत्पन्नापासून जन्मदरापर्यंतचा प्रत्येक आकडा सैल होतो.

ऑगस्ट १९४९ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष. धनंजयराव आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. नव्या देशाचे उत्पन्न मोजायला बसलेल्या या तिघांपुढे पहिली अडचण आली ती आकड्यांच्या अभावाचीच. तिच्यातून राष्ट्रीय नमुना पाहणीचा जन्म झाला. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात झालेल्या पहिल्या फेरीसाठी देशभरातून १,८३३ खेडी निवडण्यात आली. या फेरीत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रश्नपत्रिकांबरोबरच पुण्यात तयार झालेल्या वेगळ्या प्रश्नपत्रिकाही वापरल्या गेल्या आणि त्यांवरचा वि. म. दांडेकर यांचा अहवाल १९५३ साली गोखले संस्थेने प्रसिद्ध केला. एकाच पाहणीत दोन तऱ्हांनी प्रश्न विचारून पाहणे हे तेव्हा काहींना विस्कळीतपणाचे वाटले असेल. पण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते, हे देशाला १९९९-२००० च्या फेरीत पुरते कळले. त्या वेळी सात दिवसांचा व तीस दिवसांचा खर्च एकाच कुटुंबाला एकाच बैठकीत विचारला गेला, आणि दारिद्र्य किती घटले याचा वाद त्यामुळे अनेक वर्षे मिटला नाही.

धनंजयरावांच्या आयुष्यात सर्वांत फळास आलेली पाहणी मात्र वेगळीच होती. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी केली. तिच्या मार्गदर्शक समितीत गोरवाला यांच्यासमवेत धनंजयराव होते. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे इतका तिचा आवाका होता. १९५४ च्या अहवालाने जे दाखविले त्याने सहकारी चळवळीच्या धुरिणांची झोप उडाली. १९०४ च्या कायद्याला अर्धशतक होत आले असताना शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा होता केवळ ३.१ टक्के! सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के होता. सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, या निष्कर्षाप्रत समिती आली आणि सहकारी संस्थांत शासनाने भागीदार व्हावे अशी तिने शिफारस केली. या भागीदारीतून पुढे सहकारात राजकारण शिरले, हा आक्षेप खोटा नाही. मात्र ३.१ टक्क्यांचा आकडा समोर असताना दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, हे आक्षेपकांनी सहसा सांगितलेले नाही.

इतरांना उपदेश करून ते स्वस्थ बसले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यात लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव होते. त्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा, म्हणजे नमुना पाहणीच्या पहिल्या फेरीचाच. कोल्हापूर जिल्ह्यात नंतर उभे राहिलेले पंचगंगा, भोगावती, कुंभी-कासारी, वारणा हे कारखाने त्याच वाटेने आले.

सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कोणत्या न्यायाने वाटावी हा तेथील सर्वांत कडवट प्रश्न होता. तोवर ज्या मुख्यमंत्र्याचे दिल्लीत वजन, त्याच्या राज्याची योजना मोठी, अशी तक्रार सर्रास होती. १९६९ साली राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केलेल्या सूत्राला त्यांचेच नाव मिळाले. आसाम, जम्मू-काश्मीर व नागालँड यांच्या गरजा आधी भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार द्यायची. दरडोई उत्पन्न कमी असलेली राज्ये, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. डोकी मोजून पैसे वाटणे हे काहीसे ओबडधोबड माप होते आणि मागास राज्यांना त्याने पुरेसा न्याय दिला नाही, हे खरे आहे. पण माणसांची संख्या कोणाच्या मर्जीने वाढत किंवा घटत नाही. वशिल्याला दार बंद करणारे याहून खणखणीत माप त्या वेळी हाताशी नव्हते.

या सूत्राचे आयुष्य त्याच्या कर्त्यापेक्षा लांबले. १९८० व १९९१ मध्ये त्याचे काही भाग बदलले, तरी लोकसंख्येचा ६० टक्के वाटा टिकून राहिला. नियोजन मंडळच २०१५ साली इतिहासजमा झाले. लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरायची, हा तंटा मात्र उरला. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना दंड होऊ नये म्हणून १९७६ च्या धोरणाने १९७१ चीच लोकसंख्या कायम धरली होती. पंधराव्या वित्त आयोगाने ती सोडून २०११ ची घेतली आणि दक्षिणेकडील राज्ये अस्वस्थ झाली. पुढची जनगणना २०२१ साली व्हायची, ती त्या वर्षी झालीच नाही. २०१७-१८ च्या कुटुंब खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने २०१९ मध्ये रोखून धरले, आणि नव्या पाहणीचे आकडे हाती येण्यास २०२४ उजाडले. मधल्या एका तपात देशातील गरिबांची संख्या सांगणारे अंदाज पुष्कळ निघाले, पण ते ताडून पाहण्याजोगी घरोघरची ताजी खर्च पाहणी कोणापाशीच नव्हती.

१९७१ च्या आरंभी दांडेकर व नीळकंठ रथ यांनी नमुना पाहणीच्याच आकड्यांवरून भारतातील दारिद्र्याचा प्रबंध मांडला. ग्रामीण भागातील ४० टक्के व शहरांतील ५० टक्के लोकांना १९६०-६१ साली पुरेसे अन्नही मिळत नव्हते, असे गोखले संस्थेच्या या दोन अभ्यासकांनी दाखविले. त्याच वर्षी १ एप्रिल हा दिवस धरून देशाची जनगणना झाली आणि लोकसंख्या ५४ कोटी ८० लाखांच्या घरात भरली. पुढे कित्येक वर्षे राज्यांचे वाटे ज्या आकड्यांवर गोठून राहणार होते, ते हे आकडे. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीतील काम सोडून पुण्याकडे परतत असताना वाटेतच धनंजयरावांचे निधन झाले.