जॉर्ज कँटर : तरंगांच्या बेरजेतून अनंताकडे

नवी दिल्ली, 3 मार्च : अनंताचेही लहान-मोठे प्रकार असतात, हे सिद्ध करून गणिताला नवी दिशा देणारे जर्मन गणिती जॉर्ज कँटर यांची आज जयंती. संचसिद्धांताचे जनक म्हणून ते जगाला परिचित आहेत. मात्र या सिद्धांताचा उगम तरंगांच्या बेरजेविषयीच्या एका प्रश्नात झाला, ही बाब फारशी ज्ञात नाही.

कँटर यांचा जन्म 1845 मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. 1856 मध्ये हे कुटुंब जर्मनीत स्थायिक झाले. मुलाने अभियंता व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. पण त्याचा ओढा गणिताकडे पाहून त्यांनी संमती दिली. बर्लिन विद्यापीठात कँटर यांना वायरस्ट्रास, कुमर आणि क्रोनेकर यांच्यासारखे गुरू लाभले. 1867 मध्ये डॉक्टरेट मिळवून 1869 मध्ये ते हाले विद्यापीठात अध्यापक झाले.

तेथील ज्येष्ठ सहकारी एडुआर्ड हाइने यांनी त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवला. फ्रेंच गणिती फूरिये यांनी कोणत्याही फलनाची फोड साध्या तरंगांच्या बेरजेत करण्याची पद्धत रूढ केली होती. ही फोड एकाच प्रकारे होते का, हा तो प्रश्न. 1870 मध्ये कँटर यांनी त्याचे होकारार्थी उत्तर सिद्ध केले. काही बिंदूंवर ही बेरीज जुळली नाही तरी चालेल का, याचा शोध घेताना त्यांना अपवादात्मक बिंदूंच्या अनंत समूहांचा अभ्यास करावा लागला. संचसिद्धांताची बीजे त्यात होती.

1874 मध्ये त्यांनी वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांप्रमाणे एकामागून एक मोजता येत नाहीत, हे दाखवले. 1883 मध्ये त्यांनी एक विलक्षण संच मांडला. रेषाखंडाचे तीन समान भाग करून मधला काढून टाकायचा, उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीच क्रिया अखंड करत राहायची. शेवटी उरणाऱ्या बिंदूंची एकूण लांबी शून्य, तरीही त्यांची संख्या मूळ रेषाखंडातील बिंदूंइतकीच. ब्रिटिश गणिती हेन्री स्मिथ यांनी असे संच आधीच वर्णिले होते. परंतु हा संच कँटर यांच्याच नावाने ओळखला जातो.

या विचारांना तीव्र विरोध झाला. त्यांचे गुरू क्रोनेकर हेच त्यात अग्रभागी होते. बर्लिनमध्ये प्राध्यापकपद मिळवण्याची कँटर यांची इच्छा अपुरी राहिली. 1884 मध्ये त्यांना मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला आणि पुढे तो वारंवार उलटत राहिला. 1899 मध्ये धाकटा मुलगा रुडॉल्फ याच्या मृत्यूने ते खचले. तरीही जर्मन गणिती संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला व तिचे पहिले अध्यक्षपद भूषवले. 1904 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सिल्व्हेस्टर पदकाने गौरवले. 6 जानेवारी 1918 रोजी, महायुद्धातील अन्नटंचाईच्या काळात, हाले येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्यांचा संच पुढे फ्रॅक्टल, म्हणजे प्रत्येक तुकड्यात संपूर्ण आकृतीची प्रतिकृती असलेल्या रचनांचा, आद्य नमुना ठरला. 1998 मध्ये पाले यॉर्गेनसेन आणि स्टीन पेडरसन या गणितज्ञांनी फूरिये यांची तरंगपद्धत अशा विरळ संचांवर चालते का, हे तपासले. त्यासाठी एकमेकांत न मिसळणारे, गणिताच्या भाषेत परस्परलंब, असे पुरेसे तरंग लागतात. कँटर यांच्या मूळ संचावरील नैसर्गिक मापासाठी असे दोनहून अधिक तरंग एकत्र सापडतच नाहीत, असे त्यांनी सिद्ध केले. मात्र रेषाखंडाचे चार भाग करून पहिला व तिसरा तेवढाच राखत गेल्यास चित्र पालटते. 0, 1, 4, 5, 16, 17, 20, 21 अशा, म्हणजे 4 च्या निरनिराळ्या घातांच्या बेरजेतून मिळणाऱ्या वारंवारितांचे तरंग तेथे परस्परलंब असतात आणि संपूर्ण फोडीसाठी पुरेसेही ठरतात.

तीनऐवजी चार भाग केल्याने एवढा फरक का पडावा, या कुतूहलातून संशोधनाची एक स्वतंत्र शाखा विकसित झाली. हाले येथे तरंगांच्या प्रश्नातून जन्मलेली संचांची कल्पना, कँटर यांच्या निधनानंतर 80 वर्षांनी पुन्हा तरंगांपाशीच येऊन पोहोचली.