समजून घ्या : आनंदीबाई जोशींची डोकेदुखी आणि नवऱ्याच्या माराचे लांबणारे दुखणे

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की अमेरिकेची पदवी आठवते. कोलकात्यात असताना त्यांना सतत डोके दुखण्याचा, अशक्तपणाचा, अधूनमधून तापाचा आणि धाप लागण्याचा त्रास होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वय होते अवघे 16-17.

31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी झाले. ते तिच्याहून सुमारे 20 वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि त्यासाठी ते हात उगारत. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात हे मोजून सांगितले आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्याने मार, पुढे अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून देण्याची धमकी. त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे झेपणारे नव्हते, असे त्यांचे म्हणणे. शिकवण्यासाठीच मारले ना, अशी गोपाळरावांची बाजू आजही घेतली जाते. पण मार कशासाठी होता, हे हाडामांसाला कळत नाही.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. त्यातूनच डॉक्टर होण्याची जिद्द आली. 1883 मध्ये त्या नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या, 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली, पण रुजू होता आले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. वयाची 22 वर्षेही पूर्ण नव्हती.

मारामुळे क्षय झाला का? तसे म्हणता येणार नाही. क्षय जंतूमुळे होतो, आणि त्या काळी त्यावर औषधच नव्हते. लहान वयातले बाळंतपण, परदेशातली थंडी, अपुरा आहार हेही होतेच.

मग शरीरात नेमके काय होते?

वळ आठवड्याभरात जातात. डोक्याला वारंवार लागले, तर डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा वर्षानुवर्षे राहू शकतो. गळा दाबला गेला असेल, तर बाहेर खूण नसतानाही मेंदूचा रक्तपुरवठा अडून इजा होते. आणि ज्या घरात कधीही हात उठेल, तिथे शरीर कायम सावध राहते. कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके सतत वाढलेली राहिली की झोप उडते, रक्तदाब वाढतो, पोट बिघडते, प्रतिकारशक्ती घटते. कंबर-ओटीपोटाचे जुने दुखणे अशा बायकांमध्ये जास्त आढळते. गरोदरपणी मार बसला तर गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकडेवारीवरील अभ्यासात नवऱ्याच्या हिंसेचा संबंध बायकांमधल्या रक्तक्षयाशी आणि कमी वजनाशीही दिसला आहे. घरात मारणारा असला की ताटातला घासही कमी होतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

याच सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या लग्न झालेल्या दर चारपैकी सुमारे एका बाईने नवऱ्याचा हिंसाचार सोसल्याचे सांगितले.

भातकुलीची बाई तपासणीला अमरावतीच्या डफरीनला जाते. 1885 मध्ये भारतीय स्त्रियांच्या उपचारांसाठी लेडी डफरीन यांच्या नावे निधी उभा राहिला, तेव्हा आनंदीबाई अमेरिकेत शिकत होत्या. आजही ती बाई डोके दुखते, कंबर दुखते, एवढेच सांगते आणि गोळ्या घेऊन एसटीने परत येते. डॉक्टरांना मार, पडणे, गळा दाबणे हे सांगितले, तर तपासणीची दिशा बदलते आणि कागदावर नोंद राहते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार मागणी केल्यास रुग्णालयाला उपचार द्यावेच लागतात. आधी घटना अहवाल दिलेला नाही, या कारणाने ते नाकारता येत नाहीत. महिलांसाठी मदतीचा क्रमांक 181 आहे.