देवाचा दरबार

फुलामुलांचे कवी म्हणून रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. पण ख्रिस्ती म्हणवणे आणि ख्रिस्ताचे होणे यांतील अंतर त्यांना जन्मभर बोचत राहिले, हे फारसे कोणी सांगत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई पुढे परतल्या त्या सोवळ्याओवळ्यासकट. टिळकांनी बळजोरी केली नाही. राहुरीस त्या माउलीने आपल्याच विचाराने जातिभेद टाकला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. फळ आधी आले, नाव मागून! टिळकांच्या सहवासाचे याहून गोड फळ मला तरी दिसत नाही.

मिशनच्या पगारी चौकटीत मात्र त्यांचा जीव रमेना. १९१७ साली त्यांनी ती चाकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे एका पंक्तीला. केवढे हे धाडस! दरबार रुजण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले.