गाडगेबाबांचे दान खराट्यापासून सुरू झाले

दसरा-दिवाळी झाली की सिरसाळा परिसरातल्या अनेक कुटुंबांचे ऊसतोडीला जाणे सुरू होते. मुले आजी-आजोबांजवळ राहतात. मग कुणीतरी वह्या, दप्तरे वाटायला येते, फोटो निघतात. मदत हवीच. पण आपली मुले कायम घेणारीच म्हणून उभी राहणार का, हा प्रश्न आम्हाला बोचतो. त्याचे उत्तर शोधताना आम्ही मुलांना गाडगेबाबांचे जीवन सांगतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. दारूने वडील लवकर गेले. डेबूजी आईसोबत मामाच्या गावी दापुऱ्याला वाढले, गुरे राखली, शेतात राबले. शाळा मिळाली नाही. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालण्याची रीत होती. ती मोडून त्यांनी गोड जेवण दिले. नातलग रागावले, पण ते बधले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मडके. गावात शिरले की कुणाशी बोलण्याआधी रस्ते, गटारे साफ करायला लागत. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी साफ करायची, असा त्यांचा क्रम होता. फुकटची भाकरी त्यांना चालत नसे. आधी काम, मग जेवण.

इथेच आम्हाला त्यांच्या दानाचे मूळ दिसते. देण्यासारखे काही नव्हते तेव्हा त्यांनी श्रम दिले. त्यांना पाहून गावकरीही झाडू हातात घेत. पुढे लोकांनी विश्वासाने पैसे दिले. त्यातून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे, गोरक्षणे उभी राहिली. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही आणि कुटुंबालाही त्या पैशाचा लाभ होऊ दिला नाही.

बाबासाहेबांविषयी त्यांना अपार आदर होता. शिक्षणाचे महत्त्व पटवताना ते कीर्तनात बाबासाहेबांचे उदाहरण देत. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना आसरा नव्हता. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू लोकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी गेली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगेबाबाही गेले.

आपल्या धम्मात दान ही पहिली पारमिता. त्याच १९५६ साली बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले होते. हा विसावा हिस्सा पगार सुरू झाल्यावर अचानक हातातून सुटत नाही. ती सवय लहानपणीच लागावी लागते. आपण मुलाच्या हातात दहाची नोट देतो आणि दानपेटीत टाकायला लावतो. ते दान आपले, मुलाचे नव्हे. मुलाने स्वतःचे काहीतरी द्यायला हवे.

म्हणून वंदनेआधी मुलांनी विहार झाडावा. शेजारच्या थकलेल्या आजीला पाण्याची घागर भरून द्यावी. आई-बाप तोडीवर गेलेल्या मित्राला डब्यातली अर्धी भाकरी द्यावी, बुडालेला अभ्यास सांगावा. वर्ष संपल्यावर पुस्तके रद्दीत न घालता खालच्या वर्गातल्या मुलाला द्यावीत. याला पैसा लागत नाही. आणि त्याचा फोटोही काढू नये.

पण मुले आपले भाषण ऐकत नाहीत, आपले हात बघतात. येत्या रविवारी विहारात आधी आपण खराटा उचलूया. मुले मागोमाग येतील.

गाडगेबाबांना विनम्र अभिवादन. जयभीम, नमो बुद्धाय.