डाव्या हाताचे पुस्तक

तेव्हाच्या अहमदनगरला मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. ११ मे १८८८ ला मुंबईकरांनी त्यांना ‘महात्मा’ केले आणि जुलैत अर्धांगवायूने उजवे अंग लुळे पडले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली तर पुढचा भाग रक्ताविना मरतो. फुटली तर साचल्या रक्ताखाली दबतो. डाव्या मेंदूतला घाव उजव्या अंगावर उमटतो. वाचेचे केंद्रही बहुतेकांत डावीकडेच. जोतीरावांचे शब्द मात्र शाबूत राहिले. डॉ. विश्राम घोल्यांचे उपचार चालले, तरी उजवा हात वळेना. (बँकेत अशा खातेदाराची सही जुळेना, की आम्ही अंगठा घेत असू.) जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. ते छापून आले १८९१ मध्ये. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० लाच गेले होते.