शाळा उभारणारे महागुरू : संत जॉन न्यूमन



संत न्यूमन म्हटले की अनेकांना इंग्लंडचे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन आठवतात. आजचे आपले संत वेगळे. ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे चौथे महागुरू.

जॉन यांचा जन्म २८ मार्च १८११ रोजी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. वडील मोजे विणण्याचा व्यवसाय करीत. जॉन यांनी धर्मगुरू होण्याचे शिक्षण पूर्ण केले. परंतु तेथे धर्मगुरू पुरेसे असल्यामुळे त्यांची गुरुदीक्षा लांबणीवर पडली. ते खचले नाहीत. १८३६ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि त्याच वर्षी २५ जून रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

बफेलो शहराजवळच्या विखुरलेल्या वस्त्यांत त्यांची नेमणूक झाली. जर्मन स्थलांतरितांची मुले शाळेविना होती. फादर जॉन स्वतः त्यांना शिकवू लागले. पुढे १८३९ मध्ये त्यांचे भाऊ मदतीला आले व शिक्षक झाले. १८४० साली फादर जॉन रिडेम्प्टोरिस्ट संघात दाखल झाले. मुलांसाठी त्यांनी जर्मन भाषेत धर्मशिक्षणाची पुस्तके लिहिली.

१८५२ साली ते फिलाडेल्फियाचे महागुरू झाले. त्या शहराची जखम अजून ओली होती. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट बायबलचे वाचन होई. कॅथोलिक मुलांना आपले बायबल वाचू द्यावे, या मागणीवरून वाद पेटला आणि १८४४ च्या दंगलीत दोन कॅथोलिक चर्च जाळण्यात आली. महागुरू जॉन यांनी भांडण वाढवले नाही, शाळा वाढवल्या. धर्मगुरू आणि प्रापंचिक यांचे एक मंडळ त्यांनी नेमले. शाळा एकेका धर्मग्रामाच्या ऐपतीवर सोडून न देता सर्वांनी मिळून योजना आखावी, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतील पहिली धर्मप्रांतीय शाळाव्यवस्था अशी उभी राहिली. १८५५ मध्ये त्यांच्या प्रेरणेने फ्रान्सिस्कन धर्मभगिनींचा एक संघही सुरू झाला.

एवढे करूनही काहींना ते महागुरुपदाला शोभत नसत. ठेंगणी मूर्ती, साधे कपडे, परदेशी उच्चार! धर्मप्रांतावरील कर्जाचा भारही मोठा होता. धर्मप्रांताचे विभाजन करून लहान भाग आपल्याकडे द्यावा, अशी तयारी त्यांनी रोमला कळवली. १८५७ साली त्यांना सहायक महागुरू मिळाले. खुर्ची धरून ठेवण्याचा मोह त्यांना नव्हता. आयरिश लोकांचे पापनिवेदन ऐकता यावे म्हणून त्यांची भाषा शिकणारा हा माणूस शेवटपर्यंत शिक्षक आणि विद्यार्थी दोन्ही राहिला.

५ जानेवारी १८६० रोजी भर रस्त्यात कोसळून, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९ जून १९७७ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांना संत घोषित केले.

अधिकार हे साधन आहे, साध्य नव्हे. महागुरू जॉन यांच्या हाती तो आला आणि गरिबाच्या मुलाला बाक मिळाला. आपल्या धर्मग्रामातही शाळेची फी भरू न शकणारे एखादे मूल असेल. शाळा सुरू होण्यापूर्वी त्याच्या घरी कोण जाणार, हे आपण ठरवू या.

संत जॉन न्यूमन, आमच्या मुलांसाठी व शिक्षकांसाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू